अप्पांचो माड

मालवणातल्या आमच्या घरामागे, विहिरीपासून लांब, कुंपणाच्या कोपऱ्यात एक माड आहे. घरात त्याला 'अप्पांचो माड' म्हणतात. हे अप्पा आमचे कोणी नव्हेत. ते आमच्या घरी कधी जेवले नाहीत की वस्तीला राहिले नाहीत, आणि माड लावला तेव्हा तर ते तिथून दहा कोसांवर, कणकवलीला होते. लहानपणी मला वाटायचं, अप्पा म्हणजे कुणीतरी पणजोबा-खापरपणजोबा असणार, म्हाळाला ज्यांचं पान वाढतात त्यांतले. एकदा मी आजीला तसं विचारलंही. आजी खोबरं किसत होती. किसणी न थांबवता म्हणाली, "आमच्यातलो नाय तो. बामण. पण आमच्या घरात जेवढा भांडाण तेच्यापायी झाला, तेवढा खंयच्या सोयऱ्यापायी झाला नाय."

ते भांडण काय होतं, हे मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. थोडं आजीकडून, थोडं आईकडून, अगदी थोडं खुद्द आजोबांकडून. आजोबा प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि सगळे मास्तर बोलके असतात या समजुतीला अपवाद होते.

त्यांच्या कपाटात गांधीजींच्या आत्मकथेचं मराठी भाषांतर होतं. पुठ्ठा सुटलेला, एक कोपरा वाळवीने खाल्लेला. मूळ गुजरातीवरून मराठी करणाराचं नाव आत होतं : सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन. ते नाव मी कितीदा वाचलं असेल! पण हे सीतारामपंत म्हणजेच आमच्या माडाचे अप्पा, हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं. तेव्हा मी आजोबांना जाऊन विचारलं, तर म्हणाले, "पुस्तक वाचणारी माणसा खूप असतत. पुस्तकाचो तर्जुमो करून मगे त्यात लिवलेला करूक लागलेलो माणूस ह्यो एकच." एवढं बोलून ते चष्मा पुसायला लागले. त्यांच्या मानाने हे मोठंच भाषण झालं.

अप्पासाहेब पटवर्धनांना पुढे 'कोकण गांधी' म्हणू लागले. आमच्याकडची जुनी माणसं त्यांना सरसकट कणकवलीचेच समजत. खरं तर त्यांचा जन्म रत्नागिरीजवळच्या आगरगुळ्याचा, ४ नोव्हेंबर १८९४ चा. एम. ए. झालेला माणूस. त्या काळात एम. ए. म्हणजे पुण्या-मुंबईत प्राध्यापकी, बंगली, आणि गावी आलं की ओटीवर खुर्ची. हे सोडून ते गांधींच्या मागे गेले, आणि गेले ते गेलेच.

आजोबांनी त्यांना पहिल्यांदा कधी पाहिलं, याबद्दल घरात दोन पाठ आहेत. आजीच्या पाठात शिरोड्याला, १९३० साली. आजोबांचं आजोळ शिरोड्याचं, आणि त्या मे महिन्यात तिथल्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. तेव्हा आजोबा चौदा वर्षांचे. गावच्या शाळेत त्या वेळी वि. स. खांडेकर शिकवत होते, आणि मामाच्या घरात खांडेकर मास्तरांचा दरारा गांधींपेक्षा जास्त होता. मिठागरांच्या बांधांवर लोकांनी मार खाल्ला, पोलिसांनी माणसं धरून नेली, हे आजोबांनी लांबून पाहिलं. सत्याग्रहाच्या पुढाऱ्यांत अप्पासाहेब होते हे खरं. पण आजोबा स्वतः मान्य करायचे की त्यांनी कुणाला ओळखलं वगैरे काही नाही. "माका तेवा सगळे टोपीवाले सारकेच दिसले." म्हणजे आजीचा पाठ गोड आहे, पण खरा धरता येत नाही. खरा पाठ पंचवीसेक वर्षांनंतरचा.

मधल्या काळात एक गोष्ट घडली होती, ती मात्र कोकणात घरोघर पोचली. १९३२ साली अप्पासाहेब रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगातली कामंही जातीप्रमाणे वाटलेली. संडास साफ करण्याचं काम भंगी कैद्यांचं, इतरांना ते द्यायचंच नाही असा दंडक. अप्पासाहेबांनी ते काम मागितलं. नाकारलं गेलं, तेव्हा त्यांनी उपोषण धरलं. गांधीजी तेव्हा येरवड्याला बंदीत. पुणे करार होऊन अडीच महिनेही झाले नव्हते, त्या वेळच्या उपासातून शरीर पुरतं सावरलेलंही नव्हतं. अप्पांची बातमी कळल्यावर ३ डिसेंबरला त्यांनीही अन्न सोडलं. सरकारची धावपळ झाली, या प्रश्नाचा विचार करू असं आश्वासन मिळालं आणि दुसऱ्याच दिवशी उपास सुटला.

आजीच्या तोंडी ही गोष्ट अशी : "एका पाटयेसाठी म्हात्म्यान पंधरा दिवस उपास केल्यान." तिच्या गोष्टींत उपास नेहमी पंधरा दिवसांचे आणि वादळं नेहमी तीन दिवसांची असत. मी तिला कधी दुरुस्त केलं नाही. पाटी हा शब्द मात्र तिचा अचूक होता. पाटी म्हणजे ती बांबूची, डोक्यावरून मैला नेण्याची.

मला स्वतःला या गोष्टीत महात्म्याचा उपास तेवढा मोठा वाटत नाही, मागणी मोठी वाटते. तुरुंगात माणूस पुस्तक मागतो, दूध मागतो, घरचं पत्र मागतो. यांनी मागितलं ते हे. आणि त्याहून मोठं म्हणजे बाहेर आल्यावर ते विसरले नाहीत. उपोषण वर्तमानपत्रात येतं. रोज सकाळी कुणाचा तरी संडास साफ करणं कुठल्याच वर्तमानपत्रात येत नाही. ते त्यांनी त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं या ना त्या रूपात केलं. याला दया म्हणवत नाही. दया वरून खाली येते, भिक्षेच्या तांदळासारखी. आमच्या आजीचा तुळशीला पाणी घालायचा होता तसा हा नेम होता. ताप असो, पाऊस असो, पाणी पडायचंच.

५ मे १९४८ रोजी कणकवलीजवळ वागद्याला, गडनदीच्या काठी, अप्पासाहेबांनी गोपुरी आश्रम सुरू केला. आश्रम म्हटलं की डोळ्यांपुढे येतं तसलं तिथे काही नव्हतं. मेलेल्या ढोरांची कातडी सोलायची, कमवायची, हाडा-मांसाचं खत करायचं, माणसाच्या मैल्याचं सोनखत करायचं. पन्नासच्या दशकात त्यांनी संडास जोडलेला गॅसचा प्रकल्पही तिथे करून पाहिला. 'ब्राह्मण ढोरं फाडतो' म्हणून माणसं नाक धरून हसत. गडनदी तिथून खाली येते, कालावलची खाडी होते आणि आमच्या मालवण तालुक्यातच समुद्राला मिळते. म्हणजे हसण्याआधीच वागद्याचं पाणी आमच्यापर्यंत येऊन पोचलेलं असायचं, असं आता वाटतं.

आजोबा तिथे गेले ते मे महिन्याच्या सुट्टीत. कुणीतरी शिक्षकमित्र जाणार होता, त्याच्याबरोबर. चौके, कट्टा, कसाल करत एसटी कणकवलीला पोचली. तिथे भाषण ऐकायला मिळेल म्हणून त्यांनी कोरी वही नेली होती. ती वही मी पाहिली आहे. तिच्यात पहिल्या पानावर तारखेशिवाय काही लिहिलेलं नाही. भाषण झालंच नाही. सकाळी हातात फावडं आणि पाटी आली. पहिल्या दिवशी आजोबांना वांती झाली, दुसऱ्या दिवशी नुसती मळमळ, तिसऱ्या दिवशी भूक लागली. हे ते अगदी शाळेच्या निकालासारखं सांगत. आणि अप्पासाहेब? "होते. पंचो नेसलेले. कामात होते." बोलणं झालं का? "कित्याक? ते कामात होते मां."

खड्डा कसा खणायचा, किती उथळ ठेवायचा, मैल्यावर माती आणि पातेरा (वाळका पाला) कसा घालायचा, एक खड्डा भरला की झाकून दुसरा कसा धरायचा, पहिल्यातलं महिनोन्‌महिने कुजून वास जाईपर्यंत हात कसा लावायचा नाही, हे सगळं ते चार दिवसांत शिकून आले. आमच्याकडे याला विशेष अर्थ होता. किनाऱ्यालगतची जमीन रेतीची, विहिरी उथळ, पाणी हाताला लागण्याइतकं वर. खोल शोषखड्डा घेतला तर घाण सरळ विहिरीत. उथळ आणि कोरडा खड्डा हाच मालवणसारख्या गावाला खरा उपाय, असं आजोबांचं म्हणणं.

पण हा उपाय नंतरचा. आधी भांडण.

तेव्हा आमच्या आळीत पाटीचे संडास होते. घरामागे दोन पायऱ्यांवर लहानशी खोली, खाली डबा, आणि मागच्या बोळात उघडणारं लोखंडी पत्र्याचं झाकण. पहाटे नगरपालिकेची बाई बोळातून यायची, झाकण उचलायची, डबा ओढून पाटीत रिकामा करायची, राख टाकायची आणि पाटी डोक्यावर घेऊन पुढच्या घरी. घरातल्या कुणाला ती दिसत नसे. बोळ त्यासाठीच होता. घरात तिला 'मागली' म्हणत. मागून येणारी ती मागली. तिचं नाव माहीत असावं असं कुणालाच वाटलेलं नव्हतं. दसऱ्याला जुनेर आणि सणाला उरलंसुरलं तिला मिळे, तेही मागच्या दाराच्या उंबऱ्यावर ठेवून, हात लागू न देता.

गोपुरीहून आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे आजोबा बोळात जाऊन उभे राहिले. ती आली तशी म्हणाले, तू बस, आजचा डबा मी काढतो. ती बसली नाही. पळत जाऊन पुढच्या घराच्या कोपऱ्याशी उभी राहिली आणि बघत राहिली. आजोबांनी डबा काढला, मैल्याच्या गाडीपर्यंत नेला, घासला, परत लावला आणि विहिरीवर अंघोळ केली. दुपारपर्यंत अख्ख्या मालवणात झालं होतं.

आजी दोन तास काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "तुमका पिसा लागला काय?" आजोबा म्हणाले, रविवारी-रविवारी करणार. आजीने धाकट्या आत्याला कडेवर घेतलं, बोचकं बांधलं. "मी आचऱ्याक जातंय. ह्या थांबला की बोलावणा धाडा." बोलावणं गेलं नाही. आठव्या दिवशी ती आपणच आली, कारण आंबे उतरवायचे होते. पण पुढे सहा महिने रविवारी ती आजोबांचं पान परसातल्या पेळेवर वाढायची. आजोबा तिथे बसून जेवायचे. दोघांनीही आपापला नेम सोडला नाही.

शेजारणी, सोयरे, शाळेतले सहकारी, सगळ्यांनी बोलायचं ते बोलून घेतलं. खरा मुद्दा मात्र मागलीनेच काढला. चौथ्या-पाचव्या रविवारी ती बोळात दोन हात लांब उभी राहून म्हणाली, "मास्तरानू, पोटार पाय देव नकात. सगळेच असा करूक लागले तर नगरपालिका आमका कित्याक ठेवतली?"

आजोबांकडे उत्तर नव्हतं. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते, आणि तेव्हाही उत्तर नव्हतं. ते म्हणाले, "तां बोलला ता खरा होता. मी आपलो पुण्य करूक निघालंय, आणि तेचो घास माझ्या हातात." घरच्या ज्येष्ठांच्या गोष्टींत चांगुलपणा केला की समोरच्याचे डोळे पाणावतात. आमच्या घरच्या गोष्टीत समोरच्या बाईने हिशेब मांडला. म्हणूनच मला ही गोष्ट खरी वाटते.

हा तिढा काही आमच्या बोळापुरता नव्हता. १९२७ साली महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं होतं की मेलेली ढोरं ओढणं, असली हलकी ठरवलेली कामं सोडा. लोकांनी सोडलीही. तेव्हा एका बाजूला, ज्यांच्या माथी हे काम मारलं त्यांनी ते फेकून द्यावं हा स्वाभिमानाचा रस्ता. आणि दुसऱ्या बाजूला, ज्यांनी ते कधी केलं नाही त्यांनी ते उचलावं हा अप्पासाहेबांचा. काहींना अप्पांचा रस्ता म्हणजे घाणीला सोन्याचं नाव देऊन ती आहे तिथेच ठेवणं वाटलं. मला हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. ब्राह्मणाने पाटी उचलली तर तो संत होतो, आणि जिने जन्मभर उचलली ती मागलीच राहते, हे तर माझ्याच घरात घडलं. पण अप्पांनी नुसती पाटी उचलली नाही, पाटीच नको अशी खटपटही केली. खड्डे, पातेरा, सोनखत, गॅस हे सगळं त्यासाठीच. पाटी डोक्यावरून उतरवणारा कायदा देशाने १९९३ साली केला, आणि तो पुरेना म्हणून २०१३ साली पुन्हा केला. अप्पांना जाऊन तोवर बेचाळीस वर्षं झाली होती.

आजोबांनी दोन गोष्टी केल्या. पुढच्या उन्हाळ्यात परसाच्या कोपऱ्यात चिरे बसवून दोन खड्डे बांधले, डबा कायमचा काढला, आणि बोळातलं झाकण चिऱ्याने बुजवलं. तो चिरा बाकीच्या भिंतीपेक्षा ताजा होता. आजही भिंतीवर चौकोन वेगळा दिसतो. दुसरी गोष्ट, त्यांनी तिला नाव विचारलं. तिने सांगितलं. नाव मी इथे लिहीत नाही; ते छापावं की नाही हे तिच्या नातवंडांनी ठरवायचं, मी नव्हे. मग आजोबांनी विचारलं, झील कितव्या वर्गात आहे? झील शाळेतच जात नव्हता. तिच्या चाळीतली पोरं शाळेत गेलीच तर मागे, दाराशी बसत, आणि काही दिवसांनी येईनाशी होत. तेव्हा संध्याकाळी सहाला पडवीत ये, असं ठरलं.

तो आला. हातात दगडी पाटी. आजी हसायची हे सांगताना : "आवशीच्या डोक्यारची पाटी काढूक गेले, ती झीलाच्या हातात दिल्यानी."

सहा वर्षं. दिवाळी, गणपती आणि जत्रेचे दिवस सोडून रोज संध्याकाळी सहा ते साडेसात. आई लग्न होऊन या घरात आली तेव्हा तो मुलगा सातवीच्या परीक्षेची तयारी करत होता. आई सांगते, नवी सून म्हणून पहिल्या संध्याकाळी तिला काम मिळालं ते पडवीत दिवा नेऊन ठेवायचं. कंदील ठेवताना मुलगा उभा राहिला आणि दोन पावलं मागे सरकला. आजोबा म्हणाले, "बस रे. तीच पावला पुढे टाकलंस तर गणित सुटात." मुलगा बसला. आजीने मात्र अजून त्याला पाणी दिलेलं नव्हतं. पाणी आजोबा स्वतः आतून घेऊन येत.

यात काही थोर होतं का? शेजारी म्हणत, मास्तर वेळ घालवतो. खरंच, एखाद्या संध्याकाळी पाहिलं तर दिसे काय, तर एक म्हातारा होत चाललेला माणूस आणि एक जांभया देणारा पोरगा. तेरीज, व्याज, काळ-काम-वेग. आजोबा चिडके होते, छडी नसली तरी शब्द बोचरे. मुलगा दोनदा सोडून गेला. दोन्ही वेळा आजोबा सहाला पडवीत येऊन बसले, साडेसातला उठले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो परत आला. बोलावणं कुणी धाडलं नाही.

आता माडाचं. पहिल्या खड्ड्यातलं खत वर्षाने निघालं : काळं, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीचा वास. आजोबांनी ते कोपऱ्यातल्या माडाच्या रोपाला घातलं, पुढेही दरवर्षी त्यालाच. रोप असं काही सुटलं की त्याच्या बरोबरीचे माड खुजे दिसू लागले. सातव्या वर्षी त्याला पोय आली. पहिला पाड झाला तेव्हा आजीने जाहीर केलं की हे नारळ तिच्या चुलीवर चढणार नाहीत. त्या दिवसापासून ती प्रत्येक नारळ हातात घेऊन विचारी, "ह्यो खंयचो? त्या माडाचो असलो तर माका नको." पाडेली नारळ उतरवून सगळे एका राशीत टाकायचा, आणि आजोबा तोंडातून ब्र काढायचे नाहीत. सोलकढी झाली, तिवळ झालं, खापरोळ्यांचा रस झाला. दोन वर्षांनी कुणीतरी आजीला छेडलं की तू खातेस ते त्याच माडाचे, तर ती भडकली नाही. म्हणाली, "माका म्हायत होता. पयल्या दिसापासना. चव येगळी होती." मग खाल्लंस कसं? "बरी होती म्हणान."

तिचं भांडण संपलं ते असं, चवीवर. शब्दाने ती कधी हरली नाही.

१९७१ साल मला थोडंसं आठवतं. मी सहा वर्षांची. जानेवारीत बॅरिस्टर नाथ पै गेले, वेंगुर्ल्याचे, आमचे खासदार, जेमतेम अठ्ठेचाळीस वर्षांचे. तेव्हा बाजार बंद होता आणि मोठी माणसं उघड रडली. मार्चच्या १० तारखेला अप्पासाहेब गेले. त्याला बाजार बंद झाल्याचं मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की आजोबांनी पेपर घडी करून ठेवला, धोतर खोचलं, आणि भर दुपारी खड्ड्याचं झाकण उघडून खत काढायला लागले. अजून दोन महिने ते तसंच राहायचं होतं. आजी दारात आली, बघितलं, आणि काही न बोलता विहिरीवरून दोन कळश्या पाणी काढून त्यांच्याजवळ ठेवून गेली.

अप्पासाहेबांचं पुढे काय झालं, म्हणजे त्यांच्या कामाचं? आमच्या परसात माड झाला तसं इतरांच्या परसांतही काही काही झालं असणार. त्याची नोंद कोण ठेवतो? पण एक परस मोठं आहे. पुण्याजवळ देहूला डॉ. मापुसकर नावाचे सरकारी डॉक्टर होते. तुकोबांच्या गावात सगळे उघड्यावर जातात आणि मग त्यांच्याकडे पोटदुखी घेऊन येतात, हे पाहून त्यांनी संडास बांधून दिले, आणि पहिले संडास पावसात कोसळले. त्यांना वाट दाखवली अप्पासाहेबांनी. पुढे मापुसकरांनी मैल्यापासून गॅस करणारा 'मलप्रभा' प्रकल्प सुधारून घडवला आणि सगळा गाव संडास वापरू लागेपर्यंत चार दशकं तिथे चिकाटी धरली. देहूतल्या त्यांच्या संस्थेचं नाव अप्पा पटवर्धन सफाई व पर्यावरण तंत्रनिकेतन. २०१७ साली मापुसकरांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. म्हणजे तेही अप्पांचेच माड, असं आमच्या आजीने म्हटलं असतं, आणि वर विचारलं असतं, चव कशी आहे?

आणि आमचा जिल्हा. २०१६ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने ग्रामीण स्वच्छतेची पाहणी जाहीर केली. डोंगरी जिल्ह्यांत हिमाचलचा मंडी पहिला आणि सपाटीवरच्या ५३ जिल्ह्यांत आपला सिंधुदुर्ग. (आमच्या जिल्ह्याला सपाटीवरचा म्हणणाऱ्याने तो करूळ घाटातून उतरून पाहिलेला नसणार.) बातमी आली त्या दिवशी फोनवर सगळे एकमेकांना अभिनंदन पाठवत होते. अप्पांचं नाव कुणाच्या मेसेजमध्ये मला दिसलं नाही. यश अनेकांचं होतं, ग्रामसेवकांचं, बचत गटांच्या बायांचं, आणि ते एका माणसाच्या नावावर मांडणं खोटंच झालं असतं. तरी मी त्या रात्री वाळवीने खाल्लेलं पुस्तक काढून आतलं नाव पुन्हा वाचलं.

आजोबा गेले तेव्हा पावसाळा होता. मागलीचा मुलगा तोवर एसटीत कायम झाला होता, लांबच्या डेपोत. कुणी कळवलं माहीत नाही, पण तो दुपारी आला. पुढच्या अंगणात माणसं दाटलेली. तो सवयीने वळसा घालून बोळात गेला आणि मागच्या दाराशी, त्या ताज्या चिऱ्याच्या चौकोनापाशी, छत्री मिटून उभा राहिला. आजीला स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो दिसला. बायका तिला धरून बसल्या होत्या. ती त्यांचे हात सोडवून उठली आणि खिडकीशी गेली.

"पुढल्या दारान ये रे," ती म्हणाली. "मागल्या दारान आता ह्या घरात कोण येना नाय."

तो वळसा घालून पुढे आला. तिने त्याला आत, माजघरात नेलं, आणि आईला सांगितलं, तांब्या-भांडं आण. पाणी तिने स्वतः दिलं. आई म्हणते, तिच्या हातातलं भांडं हलत होतं. पण ते म्हातारपणामुळे की कशामुळे, हे सासूला विचारायची छाती तिला झाली नाही.

गेल्या मे महिन्यात मी माझ्या भाच्याला घेऊन मालवणला गेले होते. पाडेली आला होता. अप्पांचो माड आता उतरणीला लागला आहे, शेंडा बारीक झालाय, पण पाड धरतो. आई पंच्याऐंशीची, खुर्चीवर बसून रास मोजून घेत होती. सोलायचे इकडे, विकायचे तिकडे. त्या माडाचे पाच नारळ तिने आपल्या खुर्चीखाली ओढून घेतले. हे ती दरवर्षी करते. आजी गेल्यापासून करते, आणि आजी आजोबा गेल्यापासून करत होती.

भाचा नऊ वर्षांचा, ठाण्यात वाढलेला. त्याने विचारलं, "हे पाच कुणाचे?"

आईने नाव सांगितलं. आजोबांनी बोळात विचारून घेतलेलं ते नाव, आडनावासकट.